टेपरेकॉर्डर घेऊन गेलेला मुलगा

मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्याला निघाले की खोपोलीच्या अलीकडे खालापूर लागते. त्याच्या शेजारी हाळ नावाचे गाव आहे. १९७७ च्या सुरुवातीला या गावात मोठा जमाव गोळा करून एका अमेरिकन चित्रपटाचे चित्रीकरण झाले होते. स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. पडद्यावर मात्र ही जागा उत्तर भारतातली धरमशाला म्हणून दाखवली आहे. जमाव पाच स्वरांची एक धून आळवतो आहे, आणि हे सूर आले कोठून असे विचारल्यावर सगळ्यांची बोटे एकदम आभाळाकडे जातात, असा तो प्रसंग. म्हणजे हे सारे हात आपल्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले! त्या गर्दीत ध्वनिमुद्रणाचे सामान घेतलेल्या मंडळींबरोबर एक किरकोळ अंगाचा, तीक्ष्ण डोळ्यांचा फ्रेंच गृहस्थ उभा आहे. इंग्रजी जेमतेम येत असल्यामुळे कथेतही त्याच्यासोबत एक दुभाषा दिलेला आहे.

हा गृहस्थ पेशाने नट नव्हता. तो फ्रान्स्वा त्रुफो होता. ऑस्कर मिळवलेला दिग्दर्शक, आणि त्याही आधी फ्रान्समधला सर्वांत भांडखोर चित्रपट समीक्षक. दुभाषा सोबत घेऊन, टेपरेकॉर्डर चालू ठेवून माणसाला बोलते करण्याचे काम त्याने खऱ्या आयुष्यातही केले होते. १९६२ साली त्याने आल्फ्रेड हिचकॉकची जी प्रदीर्घ मुलाखत घेतली, तिच्यावरून झालेले पुस्तक चित्रपटाची आवड असलेल्या जगभरच्या माणसांच्या घरात असते. माझ्याकडची प्रत मला फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली. वरचे कव्हर गेलेले, मधली काही पाने सुटी झालेली. आज ती प्रत रबरबँड लावून ठेवावी लागते.

हल्ली तरुण मंडळी दोन माणसांच्या लांबलचक गप्पा कानात घालून लोकलने प्रवास करतात. त्याला पॉडकास्ट म्हणतात, हे मला माझ्या भाचीने सांगितले. चित्रपट कसा काढतात, कसा बघावा, त्यावर कसे लिहावे, अशा विषयांवर तास तास चालणाऱ्या गप्पा. मागे एकदा तिने तिचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि ऐकायला सांगितले. कानात एक जड, सावकाश इंग्रजी आवाज आला. मागोमाग एका बाईचा लगबगीचा फ्रेंच आवाज, आणि त्यात मध्येच घुसणारा एका तरुणाचा उतावळा आवाज. त्या मूळच्या टेप होत्या! इतकी वर्षे जे मी वाचत होतो ते मी पहिल्यांदा ऐकत होतो. तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

त्रुफोचा जन्म ६ फेब्रुवारी १९३२ चा, पॅरिसमधला. आई जानीन जेमतेम एकोणीस-वीस वर्षांची, अविवाहित. घराणे जुन्या वळणाचे, धार्मिक. तेव्हा मूल लपवून ठेवण्यात आले, दाईकडे वाढवायला दिले. पुढच्याच वर्षी रोलाँ त्रुफो नावाच्या तरुणाने जानीनशी लग्न केले आणि मुलाला आपले नाव दिले. पण मूल काही घरी आले नाही. ते आधी दाईकडे आणि मग आजीकडे वाढले. आजी वारली तेव्हा आईवडिलांना मुलाला जवळ घेणे भाग पडले. पॅरिसच्या पिगाल भागाजवळचे लहानसे घर. आईला आवाज सहन होत नसे. मुलाने खुर्चीत हलायचे नाही, खेळायचे नाही. वाचायला मात्र हरकत नव्हती, कारण वाचण्याचा आवाज होत नाही. त्रुफोच्या अफाट वाचनाचे मूळ हे आहे. मुलाला वाचनाची गोडी लागावी म्हणून आपण काय काय उपाय करतो! इथे एका मुलाला ती केवळ आईच्या नजरेतून नाहीसे होण्यासाठी लागली.

रोलाँ त्रुफो हा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. गिर्यारोहणाचा नाद असलेला, विनोदी स्वभावाचा गृहस्थ. सुटीच्या दिवशी नवराबायको डोंगरात जात आणि मुलगा पॅरिसमध्ये एकटा राही. बाराएक वर्षांचा असताना घरातले कागद चाळताना मुलाला कळले की हे आपले जन्मदाते वडील नव्हेत. त्याने कोणालाच काही विचारले नाही. त्याच सुमाराला त्याचे शाळा बुडवणे आणि चोरून चित्रपट बघणे वाढत गेले. रोबेर लाशने हा वर्गमित्र साथीला. थिएटरात मागच्या दाराने, कधी संडासाच्या खिडकीतून शिरायचे. बाहेर लावलेले फोटो रात्री पळवायचे. दिग्दर्शकांच्या नावाने फायली करून त्यात कात्रणे लावायची. काळ जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसचा. एकदा शाळा बुडवल्याचे कारण म्हणून त्याने वडिलांना जर्मनांनी पकडून नेल्याची थाप ठोकली होती.

सोळाव्या वर्षी या पोराने स्वतःची फिल्म सोसायटी काढली. खिशात दमडी नाही. भाड्याने आणलेल्या फिल्मचे पैसे थकले, वडिलांच्या ऑफिसातला टाइपरायटर चोरून झाला. त्यात रविवारी सकाळी त्याच्या खेळाच्या वेळेलाच दुसऱ्या एका क्लबचे खेळ होत आणि प्रेक्षक तिकडे जात. तेव्हा हा सरळ त्या क्लबच्या चालकाकडे गेला आणि तुमची वेळ बदला म्हणून सांगू लागला. तो चालक म्हणजे आंद्रे बाझाँ. वय तीस, प्रकृती तोळामासा. बोलताना अडखळत असल्यामुळे शिक्षकाची नोकरी हुकलेली, आणि मग आयुष्यभर चित्रपटाचे शिक्षण देत फिरलेला माणूस. कारखान्यांत, वसतिगृहांत, जिथे पांढरी चादर टांगता येईल तिथे चित्रपट दाखवायचा आणि नंतर लोकांशी त्यावर बोलायचे हा त्याचा उद्योग. १९४८ च्या नोव्हेंबरअखेरची ही भेट. थोड्याच दिवसांत रोलाँ त्रुफोने कर्जाला आणि थापांना कंटाळून मुलाला पोलिसांच्या हवाली केले. कोठडीनंतर व्हिलज्विफ इथल्या बालगुन्हेगारांच्या केंद्रात रवानगी झाली.

तिथून त्याला सोडवायला धावला तो बाझाँ, एकदोन भेटींची ओळख असलेला! त्याने हमी घेतली, काम दिले. पुढे प्रेमात मार खाऊन त्रुफो सैन्यात भरती झाला, इंडोचायनाला जायची वेळ येताच पळाला, पकडला गेला आणि लष्करी तुरुंगात पडला. पुन्हा बाझाँच. १९५२ मध्ये सुटल्यावर बाझाँ नवराबायकोने त्याला आपल्या घरी खोली दिली. सख्ख्या नात्यात न मिळालेले घर त्याला असे मिळाले. एखाद्या वाह्यात पोरावर असा जीव टाकणारा एखादा मास्तर आपल्याकडेही गावोगाव असे. फरक इतकाच की या मास्तरच्या हाताशी एक मासिकही होते.

१९५१ मध्ये निघालेले हे मासिक म्हणजे ‘काइए द्यू सिनेमा’. पिवळ्या मुखपृष्ठाच्या या मासिकात त्रुफो, गोदार, शाब्रोल, रिव्हेत, रोमेर ही पोरे लिहू लागली. जानेवारी १९५४ च्या ३१ व्या अंकात त्रुफोचा एक लांब लेख आला आणि फ्रेंच चित्रपटधंद्यात वादळ उठले. बाझाँने तो लेख बरेच महिने अडवून, पुन्हा पुन्हा लिहून घेऊन मगच छापला होता, तरीही! लेखाचा रोख असा, की फ्रान्समधले नावाजलेले, पारितोषिके मिळवणारे चित्रपट म्हणजे चांगल्या कादंबऱ्यांना पटकथाकारांनी दिलेली गुळगुळीत रूपे आहेत. त्यात दिग्दर्शकाचे काम फक्त सजावटीचे उरते. खरा चित्रपट तो, ज्याच्या प्रत्येक दृश्यावर दिग्दर्शकाची सही असते, लेखकाची त्याच्या पुस्तकावर असते तशी. ओराँश आणि बोस्त या त्या वेळच्या यशस्वी पटकथाकार जोडीची त्याने नावे घेऊन सालटी काढली.

त्या लेखाबद्दल माझे मत संमिश्र आहे. विचार मोलाचा, पण त्यातली निर्दयता एकवीस वर्षांच्या वयाची आहे. त्या टीकेनंतर ओराँश-बोस्त मागे पडले ते बरीच वर्षे. अखेर बेर्त्राँ ताव्हेर्निए या दुसऱ्या समीक्षक-दिग्दर्शकाने १९७४ च्या आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटासाठी त्यांना मुद्दाम बोलावून घेतले. समीक्षकाच्या लेखणीने कोणाची रोजीरोटी जाऊ शकते, ही गोष्ट लिहिताना लक्षात राहत नाही. मीही काही वर्षे परीक्षणे लिहिली आहेत, तेव्हा हे कबुलीसारखेच समजावे. आणि त्रुफोच्याही चुका होत्याच. १९५६ मध्ये कान महोत्सवात सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ दाखवला गेला, तेव्हा तो मध्येच उठून गेला असे नेहमी सांगितले जाते. बाझाँने मात्र त्या चित्रपटाची बाजू घेतली. गुरू आणि शिष्य यांच्या नजरेतला फरक एवढ्यावरून कळावा. बाझाँ चित्रपटात काय आहे ते आधी शोधी. त्रुफो काय नाही ते.

त्याची जीभ इतकी झोंबत असे की १९५८ मध्ये कान महोत्सवाने त्याला पत्रकार म्हणून प्रवेशच नाकारला. आणि १९५९ साली त्याच महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले ते याच त्रुफोला! चित्रपट होता ‘द फोर हंड्रेड ब्लोज’. हे इंग्रजी नाव म्हणजे फ्रेंच वाक्प्रचाराचे शब्दशः आणि निरर्थक भाषांतर आहे. मूळ अर्थ आपल्या धुडगूस घालण्याच्या जवळ जातो. मधल्या काळात त्याचे लग्न मादलेन मोर्गेनस्टर्नशी झाले होते. सासरे चित्रपट वितरक, पैसा उभा राहिला तो त्यांच्या मदतीने. धंदेवाईकांना शिव्या घालणारा समीक्षक धंदेवाल्याचाच जावई झाला, यावर लोक हसले असणारच.

चित्रपटातला तेरा-चौदा वर्षांचा आंत्वान द्वानेल शाळा बुडवतो, आई मेल्याची थाप मारतो, वडिलांच्या ऑफिसातला टाइपरायटर चोरतो आणि परत ठेवायला जाताना सापडतो. वडीलच त्याला पोलीस चौकीत नेऊन सोडतात. रात्री जाळीच्या गाडीतून त्याला नेताना पॅरिसचे दिवे त्याच्या गालांवरून सरकतात आणि त्या उजेडात त्याचे अश्रू दिसतात. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तो एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, लाकडी खुर्च्यांच्या हॉलमध्ये. शेवटी सुधारगृहातून पळालेला मुलगा समुद्रावर पोचतो, मागे वळतो, आणि चित्र तिथेच गोठते. प्रोजेक्टर अडकला असे वाटून आमच्यातल्या दोघांनी ऑपरेटरला हाका मारल्या. मग दिवे लागले. बराच वेळ कोणी उठले नाही.

चित्रीकरण सुरू झाले १० नोव्हेंबर १९५८ रोजी. पहिल्या दिवसाचे काम आटोपून त्रुफो बाझाँकडे धावला, आणि त्याच रात्री बाझाँ रक्ताच्या कर्करोगाने गेला. वय फक्त चाळीस. ज्याने पोलिसांच्या तावडीतून सोडवले, त्याला त्या गोष्टीचा चित्रपट झालेला पाहायला मिळाला नाही. चित्रपट बाझाँच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

आणि आईवडील? इथे मला थांबावेसे वाटते. कानच्या यशानंतर वर्तमानपत्रांनी ही दिग्दर्शकाचीच गोष्ट असल्याचे छापले. शेजारीपाजारी, ऑफिसातले सहकारी, डोंगरात बरोबर येणारी मित्रमंडळी, सगळ्यांना कळले की ती निष्काळजी आई कोण आणि तो बाप कोण. रोलाँ त्रुफो अतिशय दुखावला. ज्या परक्या मुलाला आपण नाव दिले, त्याने तेच नाव सगळ्या जगासमोर असे लावावे! त्रुफोने मग चित्रपट आत्मचरित्रात्मक नसल्याचे सांगून सारवासारव केली, पण ती कोणाला पटली नाही. मायलेकातले अंतर तर वाढतच गेले. तरुणपणी हा चित्रपट मी पाहिला तेव्हा मी सर्वस्वी आंत्वानच्या बाजूचा होतो. आता वय झाल्यावर बघतो तेव्हा त्या लहानशा घरातली, नको त्या वयात आई झालेली, थकून घरी येणारी बाईही दिसते. गंमत म्हणजे ती चित्रपटातच आहे. दिग्दर्शकाने तिला पुरते दुष्ट केलेले नाही. फक्त तेव्हा त्याला स्वतःला ते कळले होते की नाही, कोण जाणे.

आता त्या टेपरेकॉर्डरकडे येतो. हिचकॉकचे वेड या ‘काइए’वाल्या पोरांना फार आधीपासून. १९५५ च्या हिवाळ्यात त्रुफो आणि शाब्रोल पॅरिसजवळच्या एका स्टुडिओत त्याची मुलाखत घ्यायला गेले, आणि अंगणातल्या गोठलेल्या तळ्यावरून चालताना बर्फ फुटून टेपरेकॉर्डरसकट पाण्यात पडले. ओलेचिंब होऊन दोघे समोर उभे. पुढे हिचकॉक ही आठवण रंगवून सांगे. ग्लासातले बर्फाचे खडे एकमेकांवर आपटले की आपल्याला हे दोघे आठवतात, असे त्याचे म्हणणे.

त्या काळी हिचकॉकला गंभीरपणे घेणारे समीक्षक अमेरिकेत फार थोडे होते. पैसा मिळवून देणारा, प्रेक्षकांना घाबरवणारा, टेलिव्हिजनवर विनोदी निवेदन करणारा एक लठ्ठ इंग्रज, एवढीच त्याची किंमत. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाच्या ऑस्करसाठी त्याचे नाव पाच वेळा आले आणि पाचही वेळा मागे राहिले. १९६२ मध्ये ‘ज्यूल अँड जिम’च्या निमित्ताने त्रुफो न्यूयॉर्कला गेला, तेव्हा हिचकॉकचे नाव काढताच समीक्षक तोंडे वाकडी करतात हे त्याने पाहिले. परत आल्यावर २ जून १९६२ रोजी त्याने हिचकॉकला लांब पत्र लिहिले. तुमच्या सर्व चित्रपटांवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने मला बोलायचे आहे. हिचकॉकची तार आली. पत्राने त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसला युनिव्हर्सल स्टुडिओत बैठक सुरू झाली ती हिचकॉकच्या त्रेसष्टाव्या वाढदिवसाला, १३ तारखेला. ‘द बर्ड्स’चे काम तेव्हा हातात होते. समोर तीस वर्षांचा त्रुफो, नावावर तीन चित्रपट. मध्ये हेलन स्कॉट ही दुभाषी, न्यूरेंबर्गच्या खटल्याच्या वेळी अमेरिकन बाजूच्या कार्यालयात काम केलेली, पॅरिसमध्ये वाढलेली न्यूयॉर्ककर बाई. आठवडाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलणे चाले, जेवतानाही टेप बंद होत नसे. फिलिप हाल्समनने काढलेल्या छायाचित्रांत टेबलाच्या दोन बाजूंना दोघे आणि मध्ये ही बाई, असे दिसते. तिने दोन्ही भाषा इतक्या वेगाने खेळवल्या नसत्या तर हे पुस्तकच झाले नसते. दुभाष्यांची नावे आपण विसरतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

पुस्तकात चित्रपटकलेबद्दल जे आहे ते कोणालाही कळेल इतके सोपे आहे. टेबलाशी बसून दोन माणसे बोलताहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक काही सेकंद दचकेल. पण बॉम्ब टेबलाखाली आहे आणि तो केव्हा फुटणार हे प्रेक्षकाला आधी सांगितले, तर तेच निरर्थक बोलणे तो श्वास रोखून ऐकेल. दचकवणे आणि ताणून धरणे यातला हा फरक हिचकॉकने असा उलगडून सांगितला. ‘सस्पिशन’मध्ये कॅरी ग्रँट दुधाचा ग्लास घेऊन जिना चढतो, त्या दुधात विष आहे की काय अशी शंका यावी म्हणून हिचकॉकने ग्लासात चक्क छोटा दिवा ठेवला होता! अंधाऱ्या जिन्यावर तो पांढरा ग्लास तेवढा उजळतो आणि आपली नजर हटत नाही. अशा शेकडो गोष्टी. त्रुफो नुसता होयबा होऊन बसत नाही हे विशेष. फसलेल्या चित्रपटांबद्दल तो आडवळणाने का होईना विचारतो, आणि म्हाताराही बऱ्याचदा मान्य करतो.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अगदी सुरुवातीचा प्रश्न, बालपणाविषयीचा. हिचकॉकची ती प्रसिद्ध आठवण. चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याला चिठ्ठी देऊन पोलीस चौकीत पाठवले, अधिकाऱ्याने चिठ्ठी वाचून त्याला पाच-दहा मिनिटे कोठडीत बंद केले. वात्रट मुलांचे असेच होते, एवढे दाखवायला. जन्मभराची पोलिसांची भीती त्यातून आली, असे तो सांगे. ही गोष्ट त्याने अनेकांना सांगितलेली होती. काही जण ती रचलेली मानतात. पण ऐकणारा यावेळी कोण होता ते पाहा. ज्याला बापाने खरोखरच पोलिसांच्या स्वाधीन केले होते, ज्याने त्या रात्रीचा चित्रपट काढून जग जिंकले होते, तो हा मुलगा. आपली गोष्ट तो पुस्तकात आणत नाही. पुढच्या प्रश्नाकडे वळतो. एवढा संयम मुलाखत घेणाऱ्याजवळ असावा लागतो.

टेपवरचे बोलणे उतरवून, भाषांतर करून, चित्रांची जुळणी करून पुस्तक यायला चार वर्षे लागली. फ्रेंच आवृत्ती १९६६ ची, इंग्रजी १९६७ ची. त्यानंतर हिचकॉककडे बघण्याची दृष्टी बदलली ती कायमची. गमतीची गोष्ट अशी की इंग्रजी पुस्तकातले हिचकॉकचे बरेचसे बोलणे फ्रेंचमध्ये जाऊन परत इंग्रजीत आलेले आहे. म्हणून टेप ऐकताना मला तो थोडा वेगळा माणूस वाटला. अधिक मिस्किल, अधिक सावध. आणि ‘काइए’मधला आग्यावेताळ त्रुफो टेपवर किती अदबीने बोलतो!

पुढच्या चित्रपटांची यादी देत नाही. ‘फॅरनहाइट ४५१’ने त्याला इंग्लंडमध्ये, न येणाऱ्या भाषेत, हैराण केले. त्या दिवसांची रोजनिशी त्याने ‘काइए’त छापली आणि ती मला चित्रपटापेक्षा चांगली वाटते. ‘द वाइल्ड चाइल्ड’मध्ये जंगलात सापडलेल्या मुलाला भाषा शिकवणाऱ्या डॉक्टर इतारचे काम त्याने स्वतः केले, आणि चित्रपट अर्पण केला तो झाँ-पिएर लेओला. आंत्वान झालेला हा मुलगा. शाळांतून काढून टाकलेल्या या पोराची सोय त्रुफोने वर्षानुवर्षे पाहिली, त्याला आंत्वान म्हणून घेऊन वीस वर्षांत पाच चित्रपट काढले. बाझाँचे देणे त्याने असे फेडले. ‘डे फॉर नाइट’ला १९७४ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यातल्या दिग्दर्शकाला रात्री स्वप्न पडते ते थिएटरबाहेरचे फोटो पळवणाऱ्या लहान मुलाचे. याच चित्रपटावरून गोदारशी कायमचे वाजले. तू खोटे दाखवतोस असा गोदारचा आरोप, आणि त्रुफोचे वीसेक पानांचे जळजळीत उत्तर. दोन जिवलग मित्र पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. उत्तरार्धातले त्रुफोचे काही चित्रपट त्यानेच एके काळी झोडपलेल्या चित्रपटांसारखे नीटनेटके झाले, हा गोदारच्या बाजूचा आक्षेप मला अगदीच खोटा वाटत नाही. पण तोवर त्याला भांडायचे नव्हते, गोष्टी सांगायच्या होत्या.

एक गोष्ट त्याने सांगितली नाही. १९६८ मध्ये ‘स्टोलन किसेस’च्या वेळी, ज्यात आंत्वान काही दिवस खासगी गुप्तहेराची नोकरी करतो, त्रुफोने माहितीसाठी पॅरिसच्या एका खऱ्या गुप्तहेर संस्थेशी संबंध जोडला. आणि तिलाच आपल्या जन्मदात्याचा शोध घ्यायला सांगितले. उत्तर मिळाले. रोलाँ लेव्ही नावाचे ज्यू दंतवैद्य, वास्तव्य फ्रान्सच्या पूर्व टोकाला, बेल्फोर गावी. नावही रोलाँच! त्रुफो त्यांना कधीच भेटला नाही. अनोळखी हिचकॉकला पत्र लिहून पाचशे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला इथे एकही प्रश्न विचारता आला नाही. आई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारली. १९८० च्या ‘द लास्ट मेट्रो’त जर्मनांच्या काळातला एक ज्यू नाट्यदिग्दर्शक आपल्याच थिएटरच्या तळघरात लपून, वर चाललेली तालीम ऐकत दिवस काढतो. त्या चित्रपटाने फ्रान्समधली दहा सेझार पारितोषिके मिळवली.

त्याच वर्षी २९ एप्रिलला हिचकॉक गेला होता. त्रुफोने पुस्तकाला शेवटचे प्रकरण जोडायला घेतले, म्हाताऱ्याच्या उतरत्या वर्षांचे. १९८३ च्या ऑगस्टमध्ये त्याला मेंदूत गाठ असल्याचे निघाले. सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याची तिसरी मुलगी जन्मली. तिची आई फॅनी आर्दाँ ही त्याच्या शेवटच्या चित्रपटाची नायिका. त्या चित्रपटाच्या फ्रेंच नावाचा अर्थ रविवार लवकर येऊ दे असा काहीसा आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी तो फ्रेंच टेलिव्हिजनवरच्या पुस्तकांच्या कार्यक्रमात शेवटचा दिसला, हिचकॉकच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीबद्दल बोलायला. आता प्रश्न दुसरे विचारत होते आणि उत्तरे तो देत होता.

२१ ऑक्टोबर १९८४ रोजी, रविवारी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो वारला. तीस चित्रपट करायचे आणि मग बसून फक्त पुस्तके लिहायची असा बेत होता. एकवीस झाले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याला पुरले, लहानपणी ज्या रस्त्यांवरून तो शाळा चुकवून थिएटरांकडे पळे त्यांच्यापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर. आपल्याकडे दहाच दिवसांनी इंदिरा गांधींची हत्या झाली, आणि त्या धामधुमीत ही बातमी कोणाच्या ध्यानात राहण्याचा प्रश्नच नव्हता. मलाही ती कळली महिन्याभराने, फिल्म सोसायटीच्या सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकात, वर्गणी भरण्याच्या सूचनेच्या खाली.